भिजवणाचे पाणी

हाँगकाँगमध्ये ट्रामने पश्चिमेकडे जाताना शेउंग वान मागे पडले, की डोळे मिटलेले असले तरी आपण कुठे आलो ते कळते. उघड्या खिडकीतून आधी खाऱ्या माशाचा वास येतो, त्यामागून सुक्या कोळंबीचा, आणि थंडीचे दिवस असतील तर या दोन्हींवर मद्यात मुरलेल्या डुकराच्या चरबीचा गोडसर वास तरंगत असतो. डे व्हू रोड वेस्ट नावाचा हा रस्ता सुक्या मासळीच्या दुकानांनी भरलेला आहे. इथले लोक या मालाला ‘होय मेइ’ म्हणतात, शब्दशः ‘समुद्राची चव’. पंधरा वर्षांपूर्वी नोकरीसाठी या शहरात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हा वास नाकात शिरला आणि मी ठरलेल्या थांब्याच्या आधी खाली उतरले. अलिबागच्या आमच्या घरी मे महिन्यात माळ्यावरचे पत्र्याचे डबे धुऊन उन्हात वाळवत, आणि त्यांत सोडे, जवळा, बोंबील भरताना जो वास घरभर पसरे, तोच हा वास होता. फक्त त्यात एक अनोळखी सूर मिसळलेला होता. तो ‘लाप मेइ’चा, म्हणजे खारवून आणि मुरवून वाऱ्यावर सुकवलेल्या मांसाचा, हे मला पुढे कळले.

कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर धान्य, लाकूडफाटा, मीठमसाले आणि सुकी मासळी भरून ठेवण्याच्या घाईला आगोट म्हणतात. १ जून ते ३१ जुलै हे दोन महिने यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. पण ती कायद्याने येण्याच्या कितीतरी आधीपासून खवळलेल्या समुद्राने घालून ठेवलेली होतीच. आमचे घर सीकेपी, त्यामुळे आगोटीत पहिला मान सोड्यांचा. ठरलेली कोळीण टोपलीतून सोडे घेऊन येई, आजी एक सोडा उचलून दोन बोटांत वाकवून पाही, तो लवचिकपणे वळला तर ‘अजून एक ऊन दाखव’ म्हणून परत करी, आणि खडखडीत वाजणारे, केशरी रंगाचे सोडे तेवढे मोजून घेई. ही परीक्षा माझ्या बोटांत राहिली होती. डे व्हू रोडवरच्या दुकानात मी नकळत एक सुकी कोळंबी उचलून वाकवली, तेव्हा गल्ल्यावरच्या वृद्ध दुकानदाराने माझ्याकडे पाहून मान हलवली आणि आतल्या बरणीतला वेगळा माल माझ्यासमोर आणून ठेवला.

सुक्या मासळीची ओळख मला जन्मापासूनची होती, लाप मेइची मात्र शून्यापासून करून घ्यावी लागली. आमच्या घरी डुकराचे मांस कधी शिजले नव्हते. ‘लाप’ हे मुळात वर्षाच्या अखेरीस देवांना आणि पितरांना नैवेद्य अर्पण करण्याच्या प्राचीन चिनी विधीचे नाव. त्यावरून चिनी पंचांगाच्या बाराव्या महिन्याला ‘लाप युएत’ हे नाव पडले, आणि त्या महिन्यात तयार होणाऱ्या सुकवलेल्या मांसालाही तोच शब्द चिकटला. लाप मेइमध्ये ‘लाप च्योंग’ म्हणजे बारीक चिरलेले मांस आणि चरबी साखर, मीठ, सोया सॉस आणि गुलाबाच्या सुवासाचे ज्वारीचे मद्य यांत मुरवून आतड्यांत भरलेले सॉसेज. ‘लाप युक’ म्हणजे पोटाकडच्या मांसाच्या लांब पट्ट्या. ‘लाप आप’ म्हणजे सपाट दाबून सुकवलेले बदक. शिवाय काळपट रंगाचे, काळजापासून केलेले एक सॉसेज असते, ‘युन च्योंग’ नावाचे. त्याच्या नावाची गोष्ट मला फार आवडते. काळजाला चिनीत जो नेहमीचा शब्द आहे, त्याचा कँटोनीज उच्चार ‘कोरडा’ या शब्दासारखा होतो; आणि कँटोनीज बोलीत पाणी म्हणजे पैसा, म्हणून कोरडेपणा अशुभ. तेव्हा लोकांनी काळजाला ‘ओलावा’ या अर्थाच्या शब्दाने हाक मारायला सुरुवात केली. दिवा ‘विझवणे’ टाळून तो ‘मालवणाऱ्या’ घरात वाढलेल्या मला हे समजून घ्यायला काहीच वेळ लागला नाही.

‘शरदाचा वारा सुटला, लाप मेइ खायची वेळ झाली’ अशा अर्थाची एक म्हण इथे प्रत्येकाच्या तोंडी असते, आणि या खाद्यप्रकाराचे सगळे गमक त्या वाऱ्यात आहे. दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात उत्तरेकडून कोरडा वारा येतो, पारा बारा ते अठरा अंशांच्या आसपास राहतो, आणि अशा हवेत मांस सडण्याआधी त्यातले पाणी निघून जाते. आमच्या किनाऱ्यावर अशी थंडी पडत नाही. तिथे सुकवायचे काम उन्हाने करायचे, आणि उन्हात टिकायचे तर वस्तू पातळ हवी: कोळंबी, जवळा, बोंबील, वाकटी. मांसाचा जाड तुकडा कोकणच्या उन्हात वरून वाळेल आणि आतून नासेल. म्हणूनच आपल्या किनाऱ्यावर जिथे डुकराचे सॉसेज खरोखर रुजले, त्या गोव्यात त्याला माडाच्या ताडीपासून केलेल्या शिरक्याची आंबट धार, मिरचीचा भरपूर मारा आणि चुलीचा धूर द्यावा लागला. मडगावात मे महिन्यात पुरुमेंताचे फेस्त भरते, तेव्हा सुक्या मासळीशेजारी या सॉसेजच्या माळाही टांगलेल्या असतात. पुरुमेंत ही गोव्याची आगोटच. थंड वाऱ्याच्या प्रदेशाला साखर आणि मद्य पुरले, दमट उन्हाच्या प्रदेशाला शिरका आणि मिरची लागली. एवढे कळल्यावर लाप च्योंग इतके गोड का, हा माझा पहिला आक्षेप गळून पडला.

मला खरे शिक्षण दिले ते आमच्याच मजल्यावर समोरच्या घरात राहणाऱ्या आजींनी. सगळे त्यांना ‘पो-पो’ म्हणत, म्हणजे आजीच. माझी मोडकीतोडकी कँटोनीज आणि त्यांचे हातवारे एवढ्या भांडवलावर आमचे चाले. मला त्या ‘आ नुई’, म्हणजे ‘मुली’, अशी हाक मारत. चिनी नववर्षाच्या आदल्या आठवड्यात त्या मला ‘लो बाक गो’ शिकवायला आल्या. पांढरा मुळा किसून, तांदळाच्या पिठात मिसळून वाफवलेल्या जाड वड्या असे त्याचे साधे रूप. त्यात सुकी कोळंबी, लाप च्योंग आणि सुके मशरूम बारीक चिरून घालतात, आणि वाफवलेल्या वडीचे काप तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस करतात. मी कोळंबी आधीच भिजवून ठेवली होती. आईने शिकवल्याप्रमाणे मी वाडगा सिंककडे कलता केला, आणि पो-पोंनी माझे मनगट घट्ट धरले. त्या एकच शब्द बोलल्या: ‘जिंग वा.’ सत्त्व. मग त्यांनी वाडगा माझ्या हातातून काढून घेतला, उजेडाकडे धरला, आणि गढूळ, फिकट चहाच्या रंगाचे ते पाणी मला दाखवले. तळाशी रेतीचे चार कण बसले होते. त्यांनी वाडगा मुळीच न हलवता वरचे पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घेतले आणि शेवटचा चमचाभर गाळ तेवढा टाकला.

आई पाणी फेकत असे, त्यालाही कारण होते. आमच्या लहानपणी सोडे वाळूवर, जाळ्यांवर वाळत. त्यांना धूळ, रेती, मीठ चिकटलेले असे, आणि ते धुऊन काढणे भागच होते. पो-पोही पहिले पाणी टाकत असत. दोन्ही घरांतला फरक दुसऱ्या पाण्याचा होता. त्या आधी गार पाण्याखाली झटपट खळबळून घेत आणि मग जेमतेम बुडेल एवढ्याच पाण्यात भिजत ठेवत. कोळंबी अर्धा तास, शिंपल्याचे सुके मांस रात्रभर, मशरूम रात्रभर, सुके कालव दोन-तीन तास. दुसरे पाणी मोजून घातलेले असल्याने ते फेकायचा प्रश्नच नव्हता. ते भाताचे पाणी व्हायचे, नाहीतर सूपचे. गेल्या पंधरा वर्षांत चीनच्या आणि कोकणच्या सुक्या मालाशी मी जे काही नवे-जुने खेळ केले, त्या सगळ्यांची गुरुकिल्ली त्या वाडग्यात होती.

यामागचे शास्त्र मी नंतर वाचले. जपानमध्ये किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळे केले आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले. १९१३ मध्ये शिंतारो कोदामा यांनी सुकवलेल्या माशातून इनोसिनेट शोधले, आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस अकिरा कुनिनाका यांना मशरूममधले ग्वानिलेट सापडले. कुनिनाका यांनी दाखवलेली मोठी गोष्ट ही, की ग्लुटामेट आणि या दोन पदार्थांपैकी एखादा एकत्र आला, की चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी पट वाढते. शिंपल्याच्या सुक्या मांसात ग्लुटामेट भरपूर, मांसात आणि मासळीत इनोसिनेट, सुक्या मशरूममध्ये ग्वानिलेट. पो-पोंच्या लो बाक गोमध्ये कोळंबी, सॉसेज आणि मशरूम हे त्रिकूट शेजारी शेजारी का बसते, याचे उत्तर इथे मिळते. आणि ही सगळी द्रव्ये पाण्यात सहज विरघळतात, म्हणून भिजवणाचे पाणी मोलाचे. पो-पोंना यातले एकही नाव ठाऊक नव्हते, आणि त्यांचा हात कधी चुकला नाही.

आता माझ्या प्रयोगांकडे वळते. सर्वांत जास्त काळ मी ज्या पदार्थापाशी रेंगाळले तो म्हणजे ‘लो माय फान’. चिकट तांदूळ रात्रभर भिजवून, निथळून, न शिजवता तसेच कढईत घालायचे आणि मंद आचेवर परतत राहायचे. तांदूळ कोरडे वाटू लागले की भिजवणाच्या पाण्याचा हबका मारायचा, झाकण ठेवायचे, पुन्हा परतायचे. हे काम अर्धा-पाऊण तास चालते आणि मनगट भरून येते. शेवटी दाणा शिजतो, पण गोळा होत नाही; प्रत्येक दाणा तेलाने चकचकीत आणि आतून लवचिक राहतो. त्यात लाप च्योंग, युन च्योंग, कोळंबी, शिंपला, मशरूम आणि वरून कांद्याची पात. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मी चमचा खाली ठेवून गप्प बसले, कारण तो पदार्थ आमच्या सोड्याच्या खिचडीचा सख्खा भाऊ होता. आई सोडे कांद्यावर परतते, आले-लसूण, हळद, मसाला, बटाट्याच्या फोडी घालते, तांदूळ परतून गरम पाणी आणि नारळाचे दूध घालते, आणि खिचडी मुरत ठेवते. दोन्ही पदार्थांत मूठभर सुका माल पातेलेभर भाताला पुरतो. आमच्या पंगतीत ज्याच्या पानात दोन सोडे जास्त येत, तो नशीबवान; पण ज्याच्या पानात एकही येत नसे, त्याच्याही घासाघासात सोडे असत.

साहजिकच मी दोन्ही एकत्र करायला गेले, आणि पहिला प्रयत्न फसला. मी आईच्या खिचडीचा सगळा मसाला तसाच ठेवून वर दोन लाप च्योंग चिरून घातले. सॉसेजमधली साखर आणि मद्य एका बाजूला, गरम मसाला आणि लाल तिखट दुसऱ्या बाजूला. दोघे एकमेकांवर चढून बसले आणि सोड्यांचा आवाज कुठेच उरला नाही. मी दोन पूर्ण बनलेल्या चवी एकावर एक रचल्या होत्या. सॉसेज हा स्वतःच मसाला घालून तयार झालेला पदार्थ आहे, हे मी विसरले होते. पुढच्या वेळी मसाल्याला हात लावला नाही. लाप च्योंगचे पातळ काप कोरड्या कढईत मंद आचेवर टाकले, त्यांची चरबी सुटू दिली, काप बाजूला काढले, आणि त्याच चरबीत कांदा, आले आणि सोडे परतले. हळद चिमूटभर, पांढरी मिरी, तांदूळ आंबेमोहोर. पाण्याच्या जागी सोड्यांचे दुसरे पाणी आणि पाव वाटी नारळाचे दूध. भात वाफेवर आला, की सॉसेजचे काप परत वर पसरले. नारळाच्या दुधाने सॉसेजच्या गोडीला जी जागा दिली, ती मसाला कधीच देऊ शकला नसता. ही खिचडी आता आमच्या घरी दर हिवाळ्यात होते आणि तिला नाव नाही. मुलगी तिला ‘थंडीची खिचडी’ म्हणते.

दुसरा धडा जवळ्याने दिला. अलिबागहून आलेला जवळा संपायला झाला होता, तेव्हा मी तो लो बाक गोमध्ये कोळंबीच्या जागी घातला. जवळा भिजवला की तो मऊ पडतो आणि त्याच्या मिशा वडीत केसांसारख्या लागतात. जवळ्याला तव्यावर कोरडे भाजणे हेच मानवते, हे कोकणातली कोणतीही बाई सांगेल. मीच ते परदेशी पदार्थाच्या भरात बाजूला ठेवले होते. पुढच्या वेळी जवळा कुरकुरीत भाजून, हाताने चुरडून, तव्यावर खरपूस झालेल्या वड्यांवर भुरभुरला, आणि तिथे तो शोभला. गंमत अशी, की या भागाला जवळा परका नाही. लांताऊ बेटावरच्या ताय ओ गावात खांबांवर उभ्या असलेल्या घरांच्या आसपास, उन्हात, बांबूच्या मोठ्या गोल परड्यांत कोळंबीची जांभळट गुलाबी पेस्ट वाळत ठेवलेली असते. ती ज्या ‘चंदेरी कोळंबी’पासून करतात, ती आपल्या जवळ्याच्याच जातकुळीतली आहे. २०१२ च्या अखेरीस हाँगकाँगच्या हद्दीत ट्रॉलरने मासेमारी करण्यावर बंदी आली, तेव्हापासून इथल्या कारागिरांना ती बाहेरून आणावी लागते. ताय ओची ती पेस्ट अर्धा चमचा घेऊन, लसणाच्या फोडणीत परतून, लाल माठाच्या भाजीत घातली, तर जवळा घातलेली माठाची भाजी आठवल्याशिवाय राहत नाही. आणि आपला बोंबीलही इथे आहे: कँटोनीज लोक त्याला ‘गाऊ तोऊ यू’ म्हणतात आणि मीठ-मिरी लावून कुरकुरीत तळतात.

खारा मासा, म्हणजे ‘हाम यू’, हा मात्र जपून हाताळायचा प्रकार आहे. त्याच्या दोन पद्धती असतात. एकात मासा आधी थोडा आंबू देतात आणि मग खारवतात; त्याचे मांस भुसभुशीत, वास उग्र आणि गोडसर. दुसऱ्यात ताजा मासाच खारवतात. तो घट्ट आणि निव्वळ खारट. पहिल्या प्रकाराचा अंगठ्याएवढा तुकडा आल्याच्या बारीक काड्यांसह खिम्यावर ठेवून वाफवतात, की साधा भात संपवायला दुसरे काही लागत नाही. घरी पाहुणे डुकराचे मांस खाणारे नसतील, तर मी कोंबडीचा खिमा घेते, पण त्यात एक चमचा तिळाचे तेल आणि थोडे किसलेले पाणशिंगाडे घालावे लागतात. नाहीतर तो कोरडा पडतो. याच माशाचे वांग्याशी जमलेले लग्न पाहिले आणि मला अलिबागच्या स्वयंपाकघरात उभी असल्यासारखे वाटले. इथे मातीच्या भांड्यात वांगी, कोंबडीचे तुकडे आणि खारा मासा शिजवतात. आपल्याकडे वांगे-सुकट, वांगे-बोंबील, वांगे-बटाटा-सोडे. वांग्याला स्वतःची ठाम चव नाही आणि तेल-रस पिऊन घ्यायची ताकद भरपूर, म्हणून दोन्ही किनाऱ्यांवरच्या बायकांनी खारट मासळीला तेच जोडीदार निवडले असावे. मी हाम यू घातलेल्या वांग्यात आता शेवटी दोन आमसुले टाकते. चिनी पद्धतीत तिथे साखर असते. आमसूल खारटपणाला दुसऱ्या बाजूने उचलते.

हुनान आणि सिचुआनकडचे लाप युक वेगळे. तिथे चुलीवर टांगून त्याला धूर देतात, आणि सिचुआनमध्ये मिठासोबत तिथली जीभ झिणझिणवणारी मिरी चोळतात. ती मिरी आणि आपले तिरफळ एकाच कुळातले. मालवणच्या मैत्रिणीने पाठवलेली तिरफळे माझ्याकडे होती. बांगड्याच्या तिखल्यापलीकडे त्यांचा उपयोग मला सुचत नसे. एकदा मी धुरकट लाप युकचे काप आधी वीस मिनिटे वाफवून, मग लसणाच्या पातीबरोबर मोठ्या आचेवर परतले आणि बी काढून ठेचलेली चार तिरफळे वर टाकली. धूर, चरबी आणि तिरफळाचा तो रानवट सुवास इतका नैसर्गिकपणे जुळला, की पुन्हा मी त्यात सुधारणा करायला गेले नाही.

१९८० च्या दशकात हाँगकाँगमध्ये ‘एक्सओ सॉस’ जन्माला आला. नाव कोन्याक या महागड्या फ्रेंच ब्रँडीचे, पण त्यात कोन्याकचा थेंब नसतो. नाव फक्त श्रीमंती सुचवण्यापुरते. शिंपल्याचे सुके मांस, सुकी कोळंबी, चीनच्या झेजियांग प्रांतातल्या जिनह्वा शहराचे प्रसिद्ध हॅम, छोटे कांदे, लसूण आणि मिरची हे सगळे तेलात मंद आचेवर तासभर शिजवून केलेली ही एक चटणी आहे. तिच्याकडे पाहताना मला आमची सोड्यांची चटणीच दिसते. मी ती सोडे, दोन-चार शिंपले, बेडगी मिरची आणि भरपूर लसूण घालून करते, हॅम अजिबात न घालता, कारण आई आली तर तिलाही वाढता आली पाहिजे. शिंपले वाफवून धाग्यांसारखे सोडवायचे आणि सर्वांत शेवटी तेलात टाकायचे. आधी टाकले तर ते करपून कडू होतात. बरणी फ्रीजमध्ये महिनाभर राहते, पण आमच्याकडे तेवढी टिकत नाही. सकाळच्या पेजेवर अर्धा चमचा पुरतो. इथली ‘जूक’ आणि आमची पेज यांत फरक एवढाच, की जूक दाणा विरघळेपर्यंत शिजते आणि आमच्या पेजेत दाणा दिसतो.

हा सगळा माल थोड्या प्रमाणातच खायचा असतो, हे मी मनापासून मानते, आणि त्याला केवळ चवीचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने चिनी पद्धतीचा खारा मासा कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवला आहे. नाकाच्या मागे घशाच्या वरच्या भागात होणाऱ्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झाला आहे. २०१५ मध्ये त्याच गटात प्रक्रिया केलेल्या मांसाचाही समावेश झाला. म्हणून माझ्या मुलीला लहानपणी हाम यू मी कधी भरवला नाही, आणि आजही तो आमच्या ताटात महिन्यातून एखाद्या वेळीच येतो. काही गोष्टी मी विकतच घेत नाही. त्या रस्त्यावर मुशीच्या परांची दुकाने आजही आहेत. हाँगकाँग सरकारने २०१३ मध्ये आपल्या अधिकृत मेजवान्यांतून ते हद्दपार केले. त्याच वेळी ‘फात चोय’ नावाचे केसांसारखे काळे शेवाळही वगळले. उत्तर चीनच्या गवताळ जमिनीतून ते खरवडून काढताना जमिनीची वाळवंटे होतात, म्हणून चीनने २००० मध्येच त्याच्या गोळा करण्यावर बंदी घातली होती. नववर्षाला सुक्या कालवांबरोबर ते शिजवतात, कारण दोन्ही नावांचा उच्चार मिळून ‘व्यापारात भरभराट’ असा शुभार्थ निघतो. मी कालव ठेवते, आले आणि कांद्याच्या पातीवर परतते, आणि शुभार्थाचा अर्धा भाग सोडून देते. पो-पोंना हे मी बिचकतच सांगितले होते. त्यांनी थोडा विचार केला आणि त्या म्हणाल्या, ‘कालव चांगले असले म्हणजे झाले.’

पो-पो आता नाहीत. त्यांची मातीची हंडी त्यांच्या मुलाने मला दिली. बाहेरून तारेचे जाळे गुंडाळलेली ही हंडी ‘बो जाय फान’ची, म्हणजे हंडीतल्या भाताची. तांदूळ भिजवून हंडीत शिजत ठेवायचे, पाणी आटून पृष्ठभागावर छिद्रे दिसू लागली की त्यावर लाप च्योंग, लाप युक आणि बदकाचे काप मांडायचे, झाकण ठेवून आच कमी करायची, आणि शेवटची दहा मिनिटे हंडी दर दोन मिनिटांनी थोडी थोडी तिरकी फिरवत राहायची, म्हणजे ज्योत कडांनाही लागते. चरबी वितळून भातात झिरपते आणि तळाशी सोनेरी खरपुडी धरते. खरपुडी झाली की नाही, हे पो-पो झाकण न उघडता कानाने ओळखत. त्या हंडीच्या जवळ कान नेत, भाताच्या बुडबुड्यांचा ओला आवाज थांबून बारीक तडतड सुरू झाली की आच बंद करत. मला ते जमायला तीन हिवाळे लागले.

गेल्या वर्षी जानेवारीत आई अलिबागहून आली, तेव्हा तिने पत्र्याचा जुना डबा भरून सोडे आणले. पहिल्या रात्री मी दोन भात केले: तिच्यासाठी सोडे, शिंपला आणि मशरूम घातलेला साध्या पातेल्यात, आमच्यासाठी लाप मेइचा हंडीत. ती हंडीतला भात खाणार नव्हती, पण मी आच मंद करून कान लावून उभी राहिले, तेव्हा तीही शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘अगं, तडतडतंय बघ.’ दुसऱ्या दिवशी मी तिला डे व्हू रोडवर घेऊन गेले. तिने प्रत्येक दुकानात कोळंबी वाकवून पाहिली, चार ठिकाणी नाकारली, पाचव्या ठिकाणी घेतली. निघताना मी तिचा रिकामा डबा शिंपल्यांनी आणि सुक्या मशरूमनी भरून दिला.

मे महिन्यात तिचा फोन आला. आगोटीची आवराआवर चालू होती आणि मागे माळ्यावरून डबे खाली ठेवल्याचा आवाज येत होता. उद्या भाऊ-वहिनी यायचे होते, सोड्याची खिचडी ठरली होती, आणि तिच्या मनात त्यात दोन शिंपले घालायचे होते.

‘किती वेळ भिजवायचे?’ तिने विचारले.

‘रात्रभर. आधी एकदा खळबळून घे.’

‘ते घेतलं. आणि सोड्यांचं पाणी ठेवलंय गं मी, वाटीत, रेती खाली बसायला.’